‘मोबदला आला की फेडतो’

“पैसे येणारच आहेत हो, मॅडम. प्रश्न फक्त तोवरचा आहे.”

माझ्याकडे कर्जाबद्दल समुपदेशनाला येणाऱ्या कित्येकांचं पहिलं वाक्य हेच असतं. कुणाची ग्रॅच्युइटी अडकलेली, कुणाची एलआयसीची पॉलिसी पुढच्या वर्षी पिकणार, कुणाचा मुंबईतला गाळा विकला जाणार. आमच्या कोकणात त्यात महामार्गात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याची भर पडली. मोठी रक्कम समोर दिसते आहे, क्रेडिट कार्डाचं कर्ज मात्र आज आहे. मग तोवर मिनिमम, म्हणजे बिलावरची किमान रक्कम, भरत राहू का? या प्रश्नाचं उत्तर एका माणसाच्या गोष्टीतून देते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गावात त्यांना लहानथोर ‘दादा’ म्हणतात, मीही तेच म्हणेन.

दादा राजापूर तालुक्यातले, घर समुद्राजवळ. मूळ गाव महामार्गावर, तिथली वडिलोपार्जित जमीन चौपदरीकरणात गेली. निवाडा झाला, सगळ्या खातेदारांची मिळून छत्तीस लाखांची रक्कम ठरली. तीन घराणी, म्हणजे आपले बारा लाख, असा दादांचा हिशोब. त्या बारा लाखांच्या भरवशावर त्यांनी घराला जोडून पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या. एसी, फरशी, गीझर, सगळं कार्डावर. खोल्या चालतात मे महिन्यात, दिवाळीत आणि नाताळात. दादा माझ्याकडे आले तेव्हा जूनचा दुसरा आठवडा होता. बाहेर पाऊस धो धो, खोल्या रिकाम्या आणि दोन कार्डांवर मिळून ४ लाख ८० हजार रुपये थकलेले.

पिशवीतून त्यांनी स्टेटमेंटं काढली. व्याज महिन्याला ३.६ टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे दर महिन्याला साधारण २०,४०० रुपये. दादा भरत होते २४,०००. मुद्दल हलत होतं साधारण साडेतीन हजारांनी, आणि किराणा, पेट्रोल पुन्हा कार्डावरच असल्यामुळे तेही हलत नव्हतं. मागची बाकी थकलेली असली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मिनिममच भरत राहिलात तर फेड वर्षानुवर्षं चालेल, असा इशारा स्टेटमेंटवर छापलेला असतो. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार तो छापावाच लागतो. दादांनी तो वाचला नव्हता, आणि खरं सांगायचं तर कुणीच वाचत नाही.

मिनिममचे पैसे कुठून यायचे? तालुक्याच्या ठिकाणी एक मोबाइलवाला अडीच टक्के कापून कार्ड स्वाइप करून रोख द्यायचा. ती रोख दुसऱ्या कार्डावर भरायची. याला ‘कार्ड फिरवणं’ म्हणतात. दादा हे सांगताना जमिनीकडे बघत होते.

इथे माझी एक चूक झाली. पहिल्याच भेटीत मी कॅल्क्युलेटर काढला आणि त्यांना सांगितलं, “दादा, वाट बघायलाही भाडं पडतं. तुमचं महिन्याला वीस हजार आहे.” माणूस घाबरला. तीन आठवडे आलाच नाही. नंतर वहिनी एकट्या आल्या, तेव्हा कळलं की कर्जाचा आकडा घरात कुणालाच माहीत नव्हता. त्यांना फक्त मोबदल्याचा आकडा माहीत होता. लेकीच्या नर्सिंगसाठी त्यांनी त्यातले चार लाख मनात बाजूला ठेवले होते. सासूबाईंनी घराच्या कौलांसाठी दोन धरले होते. तेच बारा लाख घरातल्या तिघांनी वेगवेगळे खर्चून टाकले होते!

पुढच्या भेटीला दोघं आली. मी या वेळी आकडे बाजूला ठेवले आणि सातबारा मागितला.

कोकणातला सातबारा म्हणजे जत्रा. चौदा नावं होती. दादांच्या वडिलांच्या जागी वारस म्हणून चार: आई, दादा आणि दोन बहिणी.

“बहिणींचा हिस्सा?”

“त्या सोडतील की.”

“विचारलंत?”

“त्यात विचारायचं काय, मॅडम? दर गणपतीला येतात, आठ दिवस राहतात.”

वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. मी कागदावर लिहिलं: बारा लाख भागिले चार. तीन लाख. त्याखाली वीस हजार चारशे, आणि त्याखाली पंधरा महिने. मोबदला पंधरा महिने लांबला तर दादांचा सगळा वाटा नुसत्या व्याजात जाणार होता, मुद्दल जिथल्या तिथे.

आणि तो लांबणारच होता. मुंबईच्या एका चुलतभावाने वाटणीवर हरकत घेतली होती. राष्ट्रीय महामार्ग कायदा, १९५६ च्या कलम ३ एचनुसार वाटपाचा वाद निघाला की सक्षम प्राधिकारी, म्हणजे आपल्याकडे बहुधा प्रांताधिकारी, तो दिवाणी न्यायालयाकडे पाठवतात. तिथल्या तारखा कार्डाच्या देय तारखेकडे बघून पडत नाहीत.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग वहिनींनीच विषय काढला, “माझं सोनं आहे ना.” दादा उसळले. बायकोचं सोनं गहाण टाकायची पाळी आली नाही अजून, म्हणे. हे मी नेहमी बघते. मोबाइलवाल्याकडे जाऊन अडीच टक्के देण्यात कमीपणा वाटत नाही, पण बँकेच्या काउंटरवर बांगड्या ठेवताना चारचौघांत नाक कापल्यासारखं होतं. मी जोर केला नाही, फक्त मोठ्या कार्डाचे ३ लाख १० हजार घेतले. कार्डावर त्याचं व्याज महिन्याला तेरा हजारांच्या वर. बँकेच्या सोनेतारण कर्जावर, दहा टक्के दराने, सुमारे २,६००. धोका मात्र स्पष्ट सांगितला: कार्ड रिकामं झाल्यावर पुन्हा वापरलंत, तर कर्जही राहील आणि सोनंही जाईल. सोनेतारणाच्या आधी कार्डाचा वापर थांबवायचा, ही माझी एकच अट होती.

दादांनी चार दिवस घेतले. मग दोघं बँकेत गेली. मोठं कार्ड पूर्ण भरलं आणि त्याच दिवशी ते बंद करण्याचा अर्ज दिला. बाकी नसेल तर बँकेला सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर बँकेलाच दिवसाला ५०० रुपये दंड म्हणून ग्राहकाला द्यावे लागतात. कात्रीने कार्ड कापलं की खातं बंद होतं असं पुष्कळांना वाटतं, तसं होत नाही.

दुसऱ्या कार्डाचे १ लाख ७० हजार त्याच बँकेकडून चोवीस हप्त्यांत करून घेतले, १६ टक्क्यांनी. हप्ता ८,३०० च्या आसपास, वर व्याजावरचा जीएसटी. बँकेने पहिल्या फोनला नकार दिला, दुसऱ्याला होकार. एकूण महिन्याची ओढ चोवीस हजारांवरून साडेअकरावर आली. तेवढं भरायलाही पावसाळ्यात दादांना एका ओळखीच्याच्या टेम्पोवर चालक म्हणून जावं लागलं. चार महिने पहाटे चारला उठून मासळीच्या गाड्या नेल्या.

मधे एक एजंट भेटला. मोबदल्यावर आत्ता उचल देतो म्हणाला, बदल्यात कुलमुखत्यारपत्र आणि रकमेचा पाचवा हिस्सा. दादांनी सही करण्याआधी मला फोन केला, हे माझं नशीब. न मिळालेल्या पैशांवर उचल घेताना आपण नेमकं काय लिहून देतो, ते वकिलाला दाखवल्याशिवाय कुणीही सही करू नये.

‘सेटलमेंट’बद्दलही, म्हणजे बँकेने कमी रक्कम घेऊन कर्ज मिटवण्याबद्दलही, त्यांनी विचारलं होतं, थोडक्यात मिटतं असं कुणीतरी सांगितलेलं. हप्ते भरायची ताकद असताना तो मार्ग मी सुचवत नाही. पत अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो आणि पुढे खोल्यांसाठी साधं कर्ज मागायला गेलं तरी तो आडवा येतो. ज्यांचं आधीच थकलंय, त्यांनी एवढं लक्षात ठेवावं की वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायची मुभा नाही.

गणपतीत बहिणी आल्या. दादांनी आरतीनंतर पडवीत बसून विषय काढला. धाकटी म्हणाली, मला नको, तुला राहू दे. थोरली म्हणाली, मला हवा, माझ्याही घरावर कर्ज आहे. दादांना दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी विसर्जनाच्या वाटेवर तिलाच त्यांनी स्वतःचा आकडा सांगितला.

आता सोनेतारणातले एक लाख दहा हजार राहिलेत, मे महिन्याच्या कमाईतून बाकीचं फिटलं. हप्ते चालू आहेत. मोबदला अजून आलेला नाही. प्रांत कार्यालयात त्याची चौकशी करायला हल्ली थोरली बहीण जाते. दादांना वेळ नसतो.