घरी तेलुगू बोलतो, तेवढ्यावर चाचणी बनवता येईल का?

प्रश्न : मी सोलापूरची. घरी तेलुगू बोलतो. मुंबईत बी.ए.एस.एल.पी. (श्रवण आणि वाचा-भाषा उपचारांची पदवी) करते, तिसऱ्या वर्षाला आहे. तेलुगू-कन्नड मुलांचं बोलणं तपासायला इंग्रजी यादीचं भाषांतर वापरलेलं पाहिलं, ते खटकलं. द्रविडी भाषांसाठी स्पीच इंटेलिजिबिलिटीची (बोलणं ऐकणाऱ्याला किती कळतं याची) चाचणी तयार करायची आहे. काय शिकू, सुरुवात कुठून करू?

उत्तर : खटकलं ते बरोबरच. आधी एक गल्लत दूर कर. स्पीच ऑडिओमेट्रीची यादी ऐकणाऱ्याचा कान तपासते; तुझी चाचणी बोलणाऱ्याचं बोलणं परक्या कानाला किती कळतं हे मोजणार. म्हणून एम.एस्सी. ऑडिओलॉजीत नको, स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीत कर. म्हैसूरची ‘ऐश’ (ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग, स्थापना १९६५) पहिल्या पसंतीला ठेव. कन्नड बोलणारी मुलं आणि ऐकणारे तिथे दाराशीच मिळतील.

आता भाषांतर का फसतं ते. इंग्रजीत १९८९ साली केंट आणि सहकाऱ्यांनी केलेल्या चाचणीत ७० शब्द आहेत, प्रत्येकाला चार पर्याय. हे पर्याय एकेका ध्वनीच्या फरकावर बेतलेले. शब्दांचा अर्थ भाषांतरात येतो, तो फरक मागेच राहतो. शिवाय ते शब्द एका अक्षराचे (सिलेबलचे). तेलुगू-कन्नडमध्ये शब्द सहसा स्वरावर संपतात, म्हणून दोन अक्षरी शब्दच घ्यावे लागतात. जोड्या त्या भाषेतूनच शोधायच्या. कन्नडमध्ये ‘बले’ म्हणजे जाळं, ‘बळे’ म्हणजे बांगडी. ‘कते’ गोष्ट, ‘कत्ते’ गाढव. ‘कोडु’तला ओ आखूड काढला तर ‘दे’, लांब काढला तर ‘शिंग’. आपल्या ओला असा भेद नाही, त्यामुळे मराठी कान इथे हमखास चुकतो. (ळ मात्र आपल्याला फुकटात मिळालाय!) मल्याळममध्ये तर दाती त्त, हिरडीवरचा त्त आणि ट्ट असे तीन वेगळे. ‘कुत्ति’-‘कुट्टि’सारख्या शब्दात ते बदलले की अर्थ बदलतो : टोचलं, खुंटी आणि मूल. उलट महाप्राण (ख, थ, भ यांसारखे हकारयुक्त ध्वनी) चाचणीत घालू नकोस. तमिळमध्ये ते नाहीतच, आणि रोजच्या कन्नड-तेलुगूत अनेकजण ख-थ सरळ क-त म्हणतात. त्याला चूक धरलंस तर धडधाकट मूलही नापास होईल. तमिळमध्ये शब्द वाचायला देऊ नकोस, लोक ग्रांथिक उच्चार करतात. चित्र दाखव.

शब्द निवडलेस की ते मुलांच्या ओळखीचे आहेत का, हे ती भाषा बोलणाऱ्या पालकांकडून तपासून घे. रेकॉर्डिंग शांत खोलीत, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटवर. माइक तोंडापासून ठरावीक अंतरावर. अंतर बदललं की आवाज कमी-जास्त होतो आणि ऐकणारा त्याचा दोष उच्चारावर ढकलतो.

खरी मेहनत ऐकणारे जमवण्यात आहे. तू स्वतः चालणार नाहीस, मुलाची आईही नाही. तुला शब्द माहीत असतात, तिला मुलाच्या बोलण्याची सवय असते. समज, ३० मुलं आणि प्रत्येक मुलासाठी तीन ऐकणारे. ऐकून शब्द लिहायचा असेल, तर एकच यादी दुसऱ्यांदा ऐकणाऱ्याला शब्द पाठ झालेले असतात. म्हणजे एका यादीवर ९० माणसं लागतील. चार समांतर याद्या केल्यास एक माणूस चार मुलं ऐकू शकतो आणि २४ पुरतात, पण मग चारही सारख्याच अवघड आहेत हे दाखवून द्यावं लागतं. पर्याय देऊन विचारलंस तर काम हलकं होतं, मात्र चार पर्यायांत नुसत्या अंदाजानेही २५ टक्के गुण मिळतात, हे निष्कर्ष काढताना विसरू नकोस.

एम.एस्सी.च्या प्रबंधात एकच भाषा आणि एकच वयोगट घे. ‘द्रविडी भाषांसाठी’ हा विषय पीएच.डी.लाही मोठा आहे. एथिक्स कमिटीची मंजुरी लवकर माग, नाहीतर रेकॉर्डिंगचे महिने त्यातच जातील.

आणि तुझी तेलुगू. घरच्या बोलीत मराठी शब्द मिसळलेले असतील, तर त्या शब्दांवर बेतलेली चाचणी हैदराबादच्या मुलाला लावता येणार नाही. या सुट्टीत घरातले दोनशे शब्द लिहून काढ आणि हैदराबाद किंवा विजयवाड्याच्या कुणाकडून तपासून घे. त्यातले किती उरतात, ते मला कळव.