सभेत बोलताना पाठ केलेले भाषण आठवेनासे होते. ही भीती जाऊन बोलण्याचा आनंद कसा मिळेल?

मला वाटते, आपल्या अडचणीचे कारण आपल्या प्रश्नातच आले आहे: भाषण पाठ केलेले होते.

शाळेत १ ऑगस्टला, लोकमान्यांच्या पुण्यतिथीला, आम्हांला मोठ्यांनी लिहून दिलेली भाषणे घोकावी लागत. ‘अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग’ येथपासून शेंगांच्या टरफलांपर्यंत सर्वांचे भाषण सारखेच, आणि एक शब्द निसटला की पुढचे सारेच निसटे. ज्याचे लक्ष पुढच्या शब्दाकडे लागलेले असते त्याला समोरची माणसे दिसतच नाहीत. माझे थोरले बंधू मात्र आजही ठामपणे सांगतात की, पाठांतराशिवाय वक्ता घडत नाही.

पुढे मी एका पतसंस्थेचा सचिव झालो. वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवाल वाचताना माझा घसा कोरडा पडत असे. एका वर्षी वाचन अर्ध्यावर आले असता मागच्या रांगेतील एका वयस्कर सभासद बाईंनी विचारले, “नफा चांगला झाला म्हणता, मग लाभांश एवढाच का?” अहवालात याचे उत्तर नव्हते, पण ताळेबंदाचे काम मीच केलेले असल्यामुळे ते मला ठाऊक होते. कागद बाजूला ठेवून मी सांगू लागलो की, निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा कायद्याने राखीव निधीत टाकावा लागतो, लाभांशालाही १५ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि राखीव निधी भक्कम असला तरच अडचणीच्या वर्षी ठेवीदारांचा पैसा सुरक्षित राहतो. बाईंना कळते आहे हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होते, म्हणून मी आणखी उलगडून सांगत गेलो. छाती तेव्हाही धडधडत होती. फक्त माझे लक्ष तिच्याकडे नव्हते. बोलण्यातला आनंद मला त्या दिवशी प्रथम कळला.

बंधूही त्या सभेला होते. घरी आल्यावर ते म्हणाले, “हे काही भाषण नव्हे, गप्पा झाल्या.” हे मला मुळीच पटत नाही. नारदीय कीर्तनकाराला अभंग आणि पदे मुखोद्गत असतात, पण पूर्वरंगातील निरूपण आणि उत्तररंगातील आख्यान तो श्रोत्यांकडे पाहतच खुलवतो. त्याला कोणी गप्पा म्हणत नाही.

आपण मुद्द्यांचा क्रम तेवढा ध्यानात ठेवा आणि स्वतःला नीट माहीत असलेल्या विषयावरच बोलायला उभे राहा. पहिले वाक्य पाठ असू द्यावे, कारण धडधड सर्वाधिक असते ती सुरुवातीलाच. ठराव आणि आकडे मात्र कागदावरूनच वाचावेत. पहिल्या वाक्यापुरते बंधूंचे म्हणणे मला मान्य आहे.