बडोद्यात राहून स्वतः लाकडी शिडाची बोट बांधून तिच्यावर राहता येईल का? पाण्यात लाकूड सडणारच, मग फायबरची का नको?

बांधता येते. पण 'लाकूड सडणारच, मग फायबरची का नको' असं जे तुम्ही शेवटी सहज विचारलंय ना, ते आधी घेतो, कारण हेच वाक्य मी आमच्या दाजींकडून दांडिया बाजारातल्या घरी दर दिवाळीला ऐकत आलोय. दाजींचा मकरपुऱ्यात फायबरच्या टाक्यांचा धंदा, त्यांना लाकूड म्हटलं की वाळवी आणि बुरशीच दिसते.

माझी बोट बावीस फुटी. पादरा रोडला मित्राच्या शेडमध्ये बांधली, मरीन प्लाय, सागाच्या पट्ट्या, एपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारं राळेसारखं चिकट द्रव्य), आणि ट्रकवर घालून रेवदंड्याच्या खाडीत नेली, हिवाळाभर तिच्यावरच राहायचो. एकदा ताईबरोबर दाजी आले, डेकवर चढले आणि पुढच्या क्लीटजवळ (दोर अडकवायची खुंटी) पायाखाली मऊ लागलं तसं लगेच, "बघ, म्हटलं नव्हतं?" मी स्क्रूड्रायव्हर उलटा धरला आणि त्यांच्यासमोर सगळा डेक ठोकत गेलो. चांगलं लाकूड टणटण वाजतं, सडलेलं भद्द. क्लीटभोवती वीतभर भद्द, बाकी सगळं टणटणीत. आणि ती क्लीट माझी नव्हतीच, आदल्या पावसाळ्यात बोट ज्या यार्डात वर काढून ठेवली होती तिथल्या लोकांनी ओढायला सोपं पडावं म्हणून मला न विचारता प्लायमध्ये सरळ स्क्रू पिळून बसवली होती, भोकं तशीच उघडी, सगळा पावसाळा पाणी आत मुरत राहिलं. मी लावलेल्या प्रत्येक फिटिंगचं भोक आधी मोठं पाडून घट्ट एपॉक्सीने भरलेलं आणि मग त्यातच परत बारीक ड्रिल मारलेलं, तिथे काही झालं नव्हतं. ओहोटीला बोट चिखलात बसली तेव्हा दाजींना खाली उतरवलं आणि त्यांच्याच हाताने तळ ठोकायला लावला. रोज खाऱ्या पाण्यात असतो तो भाग, अगदी नव्यासारखा वाजला.

लाकूड सडवते ती बुरशी, तिला गोडं पाणी आणि कोंदट हवा लागते, मीठ तिला मानवत नाही. अमेरिकेत जुन्या काळी जहाजाच्या फासळ्यांमधल्या पोकळीत मुद्दाम मीठ भरायचे. 1817 मध्ये मुंबईत वाडियांनी सागाचं बांधलेलं 'ट्रिंकोमाली' जहाज आज इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. आणि फायबर फायबर म्हणतात त्या बोटींच्या डेकमध्येही बरेचदा मधे बाल्साचं हलकं लाकूड नाहीतर प्लायच असतो, तोही अशाच उघड्या भोकांतून सडतो. दाजी हे ऐकतात आणि विषय बदलतात.

आता राहण्याचं. बारा महिने नाही जमणार. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात छोटी बोट वर काढावीच लागते. बाकीचे महिने मजेत राहता येतं, फक्त आत वारा खेळता ठेवा, गादीखालच्या फळ्यांना भोकं पाडा, लॉकरची दारं उघडी टाका. खर्चाचा आकडा मी देणार नाही, पण नुसत्या लाकडाचा हिशोब करून बसू नका, शिडं, डोलकाठी, दोर, नांगर, इंजिन यांनीच खिसा रिकामा होतो.

प्लाय घेताना दुकानदार 'मरीन' म्हणतो त्यावर जाऊ नका, आयएस 710 चा शिक्का बघा, किचनसाठी गळ्यात मारतात तो 303 चा माल वेगळा. कडेने थरांत पोकळ्या दिसल्या तर शीट परत करा. पहिली बोट मोठी नकोच. ऑप्टिमिस्ट ही मुलांची शिकायची शिडाची बोट 2.3 मीटरची असते, तेवढी बांधा, किंवा तांब्याच्या तारेने प्लाय शिवून सांधे एपॉक्सी आणि ग्लास टेपने (काचेच्या धाग्यांची पट्टी) जोडतात तसली एखादी डिंगी, म्हणजे छोटी होडी. आणि एकदा कच्छमधल्या मांडवीला जाऊन रुक्मावती नदीच्या काठी लाकडी गलबतं बांधतात ते बघून या, मिस्त्री फळ्यांच्या फटीत तेलातला कापूस कसा ठोकून बसवतात ते नुसतं बघूनही खूप कळतं.

हां, एक राहिलं, खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा किडा असतो. हा मुद्दा दाजींनी कधी काढला नाही पण तो खरा आहे, त्यामुळे तळाला काचेच्या धाग्यांचं कापड (ग्लास) आणि अँटीफाउलिंग, म्हणजे समुद्री जीव चिकटू न देणारा रंग पाहिजेच, त्यात काटकसर नाही. आणि चालवायला बडोद्याच्या विश्वामित्री नदीत उतरू नका, मगरी आहेत. खंभातचं आखात जवळ म्हणून तिकडेही नको, भावनगरच्या बाजूला भरती-ओहोटीत दहा मीटरच्या आसपास फरक पडतो, त्या ओढीपुढे नवशिक्याच्या शिडाचं काही चालत नाही. शिकायचं तर मुंबई नाहीतर गोवा गाठा.

काम दिवाळीनंतर काढा. मे महिन्यात आपल्याकडे एपॉक्सी डब्यातच तापून घट्ट होतं, आणि पावसाळ्यात वर मेणचट थर येतो, तो पाण्याने धुवून घासल्याशिवाय पुढचा कोट धरत नाही.