टेक्सासला जाण्याआधी बंदुकीचं हे समजून घ्या

ताई, तुमचा प्रश्न असा: नवऱ्याला एच-वन-बी मिळालाय, साताऱ्याहून डॅलसजवळ जायचंय, मुलगी तिसरीत. तिथले गोळीबार रोखायला सरकार काय करतं आणि आपण काय बघायचं?

आपल्याकडे बंदूक म्हणजे रानडुकरांसाठी ठेवलेली बारा बोअर, नाहीतर फौजींच्या अपशिंगे गावातल्या एखाद्या माजी सैनिकाची बँकेच्या दारातली. त्यालाही जिल्हाधिकारी कचेरीत अर्ज, पोलिसांचा अहवाल, निवडणूक लागली की बहुतेकदा ठाण्यात जमा. इथं सरकार आधी विचारतं, ‘कशाला हवी?’ टेक्सासात बघतात ते एवढंच, की तुम्हाला मनाई तर नाही ना.

दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, मग एफबीआयच्या यंत्रणेत नाव तपासतात. गोची पुढं आहे. कामाच्या ३ दिवसांत उत्तर आलं नाही, तर दुकानदार बंदूक देऊ शकतो. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये ९ जणांना मारणाऱ्याला ती अशीच मिळाली. खासगी माणसाकडून घेतली तर टेक्सासात तपासणीची सक्तीच नाही. मे २०२२ मध्ये टेक्सासातल्याच उवाल्डेच्या शाळेत गोळीबारात १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. मारणाऱ्यानं १८ पूर्ण होताच रायफली रीतसर विकत घेतल्या होत्या. महिन्याभरात अमेरिकेच्या केंद्र सरकारनं कायदा केला: गिऱ्हाईक २१ च्या आतलं असेल तर अल्पवयातल्या गुन्ह्यांच्या, मानसिक आरोग्याच्या नोंदीही बघायच्या, त्यासाठी कामाच्या १० दिवसांपर्यंत मुदत. धोकादायक वाटणाऱ्याची बंदूक कोर्टाच्या हुकुमानं काढून घ्यायचा ‘रेड फ्लॅग’ कायदा कॅलिफोर्नियात, फ्लोरिडात आहे, टेक्सासात नाही. तेव्हा ‘अमेरिकेचा कायदा’ शोधत बसू नका, राज्याचा वाचा.

एच-वन-बी आणि एच-फोरवाल्यांना (म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर जाणाऱ्या तुम्हाला, मुलीला) बंदूक बाळगायला मात्र केंद्राचीच मनाई आहे. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद. ऑफिसातली मंडळी हौसेनं शूटिंग रेंजवर नेतात. तिथली भाड्याची बंदूक हातात घेणंही ‘बाळगणं’ ठरू शकतं, आणि बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर देशाबाहेर काढू शकतात. सरळ नाही म्हणा.

शाळेचे दोन शब्द नीट समजून घ्या. ‘सिक्युअर’ म्हणजे धोका बाहेर आहे: बाहेरचे दरवाजे बंद, वर्ग चालू. ‘लॉकडाउन’ म्हणजे धोका आत आहे: वर्गाला कुलूप, दिवे बंद, मुलं दाराच्या काचेतून दिसणार नाहीत अशी बसवलेली. मेसेज आला की शाळेकडे गाडी पळवू नका, रस्ता अडतो. मुलं कुठं ताब्यात देणार ते कळवतात. फोटोचं ओळखपत्र दाखवल्याशिवाय आणि शाळेच्या यादीत नाव असल्याशिवाय मूल देत नाहीत. दोघांचीही नावं पहिल्याच दिवशी घाला. तिथलं ओळखपत्र हातात येईपर्यंत पासपोर्ट जवळ ठेवा.

मुलगी कुणाकडे खेळायला जाणार असेल तर त्या आईला विचारा, ‘घरात बंदूक आहे का, कुलपात असते ना?’ संकोच वाटेल, पण तिथं हे विचारतात. निष्काळजीपणानं ठेवलेली भरलेली बंदूक १७ च्या आतल्या मुलाच्या हाती लागली, तर टेक्सासातही तो गुन्हा आहे.

आणि घरात कुणी फौजी असेल, त्यांची जुनी बॅग नेणार असाल, तर सगळे कप्पे उलटे करून झाडा. विसरलेलं एक जिवंत काडतूस पुण्याच्या विमानतळावरच सापडलं, तर आर्म्स ॲक्टखाली गुन्हा दाखल होऊ शकतो आणि विमान तुमच्याविना जातं.