खडूला हात लावू नकोस

बाये,

परवा तू आमच्या सोप्यावर बसून पिशवीतून ती कार्डं काढलीस. वाळपईच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून आणलेली, चांगली चाळीसेक. 'ए फॉर ॲपल'चं कार्ड दोन्ही हातांत धरून विचारलंस, "बाई, मी जाऊन काही फरक पडेल का? की मैत्रीण म्हणते तसं हे नुसतं फोटोंसाठी?" मी कोकम सरबत आणायला म्हणून आत गेले आणि मुद्दामच वेळ लावला. तुझ्या तोंडावर सांगवेना. आता लिहिते.

जा, टांझानियातल्या त्या मोशीच्या शाळेत स्वयंसेवक म्हणून जा. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं तू धास्तीने वाचशील. पण तिथल्या वर्गात खडूला हात लावू नकोस.

तुला हसू येईल. सहा आठवडे शाळेत जायचं आणि खडू धरायचा नाही? हो. एकदाही नाही. मास्तरांनी आग्रह केला तरी पहिले पंधरा दिवस नाहीच.

1992 साली मी वीस वर्षांची होते. आम्ही चौघी कॉलेजच्या मुली नेपाळात पाल्पा जिल्ह्यात गेलो. कोकण रेल्वे तेव्हा नव्हती. मुंबईपर्यंत बस, मग गोरखपूरची गाडी, सुनौलीला सीमा, बुटवल, आणि वर तानसेनचा घाट. शाळा तानसेनच्या खाली उतारावर. तिसरीला एक वयस्क गुरुजी होते, डोक्यावर ढाका टोपी. पाढ्यांना तिकडे दुनोट म्हणतात. गुरुजी एक ओळ म्हणत, मुलं मागून ओरडत. लिपी आपलीच, त्यामुळे त्यांचं पुस्तक मला वाचता येत होतं आणि वाचता येतं म्हणजे सगळं कळतं असा माझा समज झाला. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, गुरुजी, मी घेऊ का? त्यांनी खडू दिला. आधी तो धोतराला पुसून दिला, हे अजून डोळ्यांसमोर आहे.

मग काय विचारतेस! गाणी, खेळ, बिया मोजणं, टाळ्या. मुलं खूश, मी त्याहून खूश. गुरुजी तीन आठवडे व्हरांड्यात बसून असत. निरोपाच्या दिवशी मुलांनी रोजांच्या, म्हणजे झेंडूच्या, माळा घातल्या, तिकडे सयपत्री म्हणतात. मी रडले आणि सांगून बसले, दसैंला, म्हणजे त्यांच्या दसऱ्याला, परत येईन. दसैंला शाळा बंद असते, एवढंही मला ठाऊक नव्हतं.

महिन्याभराने गुरुजींचं पत्र आलं. तक्रार नव्हती. मुलं आता दुनोट म्हणत नाहीत, दिदी कधी येणार असं रोज विचारतात, तुम्ही येणार असाल तर तारीख कळवा, एवढंच. चौथीत जायच्या आधी त्या मुलांचे पाढे व्हायला हवे होते. बियांच्या खेळाने मी तीनापर्यंत पोचले होते. मी त्या पत्राला उत्तर दिलं नाही. काय तारीख कळवणार होते?

म्हणून तुझा तो 'फरक पडेल का' मला रुचला नाही. फरक पडतो ग, पडतोच. कुठल्या बाजूला पडतो ते विचार.

आता तुझ्या मोशीचं. किलीमांजारोच्या पायथ्याचं गाव, केळी आणि कॉफीचा मुलूख. तिथल्या पोराला सफरचंद कशाला दाखवतेस? पण कार्डांचं सोड. घरी त्या मुलांची चागा बोली. प्राथमिकची सगळी वर्षं स्वाहिलीतून आणि माध्यमिकला गेलं की एकदम इंग्रजी. ओळखीचं वाटतं ना? माझ्या पिढीने गोव्यात हेच काढलं. घरी कोंकणी, चौथीपर्यंत मराठी, पाचवीला सगळे विषय इंग्रजीतून. आमचे गणिताचे सर इंग्रजी वाक्य वाचत आणि खिडकीतून हेडमास्तर दिसत नाहीत ना ते बघून अर्थ कोंकणीत सांगत. माझं गणित त्या चोरट्या कोंकणीने वाचवलं. मूल नेमकं कुठे अडतं ते त्या सरांना ठाऊक होतं, कारण तेही तिथेच अडले होते. मोशीतल्या मास्तरांनाही ठाऊक असणार. तुझं इंग्रजी फर्डं आहे, पण मूल कुठे अडलंय हे तुला कुठल्या भाषेत कळणार?

आणि देश कुठला, ते तरी बघ. त्यांचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे शाळामास्तर होते. लोक त्यांना अजून म्वालिमू म्हणतात, म्हणजे शिक्षक. अशा ठिकाणी जाऊन तू शिक्षकाच्या हातातला खडू काढून घेणार?

मग करायचं काय, म्हणशील. मागच्या बाकावर बस. तिथल्या सरकारी शाळेत एका वर्गात सत्तर-ऐंशी मुलं असणं नवलाचं नाही. एवढ्या वह्या एकटा माणूस कधी तपासणार? तू तपासून दे, पण मास्तर सांगतील त्या पद्धतीने. पुस्तकं शिव, पेन्सिलींना टोक कर. संध्याकाळी मास्तरांना स्वतःचं इंग्रजी बोलून बघायचं असेल तर त्यांच्याशी बोल, मुलांसमोर नको. तू निघून गेल्यावर वर्ग त्यांनाच चालवायचा आहे.

कागदपत्रांचंही बघ. टांझानियात पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा चालत नाही, वेगळा परवाना लागतो. 'चालतं हो' म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नकोस. जूनमध्ये त्यांची अर्ध्या वर्षाची सुट्टी असते, तेव्हा तारखा शाळेकडूनच घे. आणि शाळा सांगून अनाथाश्रमात नेलं तर त्याच दिवशी तिथून निघ. पाहुण्यांचे पैसे येतात म्हणून आईबाप असलेली पोरं अनाथ म्हणून ठेवतात, हे नेपाळात आणि कंबोडियात उघड झालेलं आहे.

तुझी आई म्हणेल, बाईंचं नेहमीचंच. म्हणू दे. मी सत्तरी तालुक्यातल्या शाळेत मुख्याध्यापिका असताना किनाऱ्यावर हिवाळा काढायला आलेले परदेशी तरुण अधूनमधून यायचे. फुटबॉल, रंगपेट्या घेऊन. दोन आठवडे शिकवतो म्हणायचे. मी मागचा बाक दाखवायचे, की बहुतेक जण परत फिरायचे. पालकांच्या बैठकीत एकाने तोंडावर विचारलं, बाईंना इंग्रजीची भीती वाटते काय? चार इयत्ता मिळून अकरा मुलं होती आमची, पट टिकवायची मारामार, आणि मी फुकटचं इंग्रजी दारातून घालवते म्हणजे काय! दोन मुलं पुढच्या जूनला दुसऱ्या शाळेत गेली. त्याचं वाईट वाटतं. तरी मी पुन्हा तेच करीन. माझ्या पोरांना मार्चमध्ये 'तो कधी येणार' असं विचारत बसायला लावायचं नव्हतं, आणि ते पत्र मला ठाऊक होतं, पालकांना नव्हतं.

एकच जण बसला मागे. उंच पोरगा, गुडघे बाकात मावत नव्हते. खिडक्यांच्या कड्या दुरुस्त केल्या त्याने. दुसरीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत त्याला फळ्याजवळ न्यायची आणि 'क' गिरवायला लावायची. त्याच्या 'क'चं पोट दर वेळी उजवीकडेच जास्त फुगायचं, की ती कपाळावर हात मारून घ्यायची. फळ्यावर खडू धरलेला परदेशी मी चालवून घेतला तो एवढाच.

म्हापशाला माझ्या ओळखीचे एक अंकल आहेत, दार-एस-सलाममध्ये तरुणपणी कारकून होते. दुकानाला तिकडे 'दुका' आणि लाखाला 'लाकी' म्हणतात, हे त्यांनीच मला सांगितलं. मोशीत मुलं तुला 'शिकामो' म्हणतील, तो मोठ्यांना करायचा नमस्कार. त्यावर 'मराहाबा' म्हणायचं असतं, आणि मास्तर भेटले की शिकामो तू म्हणायचं. उच्चार अंकलकडून घोटून घे. रविवारी मिसाहून आले की घरीच असतात, मी फोन करून ठेवलाय. जाताना पोदेराकडच्या, म्हणजे पाववाल्याकडच्या, चार पोया ने, ताज्या बघून. कार्डं नेऊ नकोस.

तुझी,
बाई