विचारा, सांगते : कानटोपी घेतलीत का?

प्रश्न : ताई, आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलाने केनियाची सफारी ठरवली आहे. ऑगस्टमध्ये नैरोबी, तिथून लहान विमानाने मसाई मारा, चार रात्री. मी ६१ वर्षांची, हे ६७. ह्यांना शुगर आहे. काय न्यावं, काय नको? ह्यांचं आपलं एकच, ‘चित्ते आता आपल्या मध्य प्रदेशातल्या कूनोच्या जंगलात आलेत, एवढ्या लांब कशाला जायचं?’
– एक वाचक, दालबाजार, लष्कर (ग्वाल्हेर)

उत्तर : यजमानांचं अर्धं खरं आहे. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाचे आठ चित्ते आपल्या ग्वाल्हेरलाच उतरले आणि इथून हेलिकॉप्टरने कूनोला गेले. पण कूनोत झाडी आहे, तिथे चित्ता दिसणं नशिबाचं. मारा म्हणजे उघडं गवत. चित्ता वारुळावर चढून सावज शोधत असतो आणि आपण गाडीतून त्याला बघत बसतो. जा तुम्ही, त्यांनाही न्या.

बॅगेचं नंतर, आधी लस. केनियाहून परतताना पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला नसेल तर आपल्याकडे सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस सरकारने ठरवलेल्या केंद्रांवरच मिळते आणि दाखला लागू होतो तो टोचल्यापासून दहा दिवसांनी. म्हणजे निघायच्या आठवड्यात धावाधाव करून उपयोग नाही. आणि तुम्ही दोघंही साठीच्या पुढचे. या वयात ही लस क्वचित, पण जोरात बाधू शकते. तेव्हा घ्यावी की नाही हे डॉक्टर ठरवतील. ते नको म्हणाले तर परतताना काय करायचं, हे केंद्रावर आधीच विचारून ठेवा. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारा. व्हिसा जानेवारी २०२४ पासून लागत नाही, पण ऑनलाइन परवानगी निघण्यापूर्वी काढावी लागते. ते काम मुलावर सोपवा.

आता कपडे. मी गेले ती जुलैत. इथे घामाच्या धारा लागलेल्या, त्यामुळे बॅगेत सुती सलवार-कुर्ते आणि एक पातळ ओढणी. तीस वर्षं भूगोल शिकवला, तरी आफ्रिका म्हणजे ऊन हे डोक्यातून गेलं नव्हतं! मारा विषुववृत्ताजवळ आहे खरा, पण पंधराशे मीटरच्या वर, आणि जुलै-ऑगस्ट हेच तिथले गार दिवस. पहाटे सहाला गाडीचं छप्पर वर करून निघालो आणि दहा मिनिटांत माझे दात वाजायला लागले. दांडा धरलेली बोटं सुटेनात. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं, गाडी थांबवली आणि सीटखालून लाल चौकड्यांचा मसाई शुका, म्हणजे तिथले लोक अंगावर घेतात ती चादर, काढून दिला. त्याला डिझेलचा आणि चुलीच्या धुराचा वास. तो डोक्यावरून घेऊनच मी पहिला सिंह पाहिला. फोटोत मी गावच्या यात्रेतली आजी दिसते. तेव्हा आपल्या ग्वाल्हेरच्या मेळ्यात घेतलेलं जाकीट, कानटोपी, पायमोजे न्याच. दहा वाजले की एकेक काढावं लागतं, म्हणून एकावर एक घाला. गडद निळा आणि काळा रंग नको, त्यावर चावणाऱ्या त्से-त्से माश्या येतात.

लहान विमानात माणशी पंधरा किलो, तेही हातातल्या पिशवीसकट. चाकांची कडक बॅग त्या विमानाच्या पोटात मावत नाही, मऊ कापडी बॅग हवी. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. आपण चिवडा, दशम्या सगळं पन्नीत बांधतो, तसं करू नका. मी जुन्या सुती साडीच्या पिशव्या शिवल्या होत्या. पाण्याला स्टीलची बाटली घ्या. खाण्याची काळजी मात्र करू नका, चपाती तिथे चपातीच म्हणून मिळते.

शुगरचं : पहाटेची फेरी लांबते आणि नाश्ता कधीकधी नदीकाठी नवाला होतो. त्यांना निघण्यापूर्वी काहीतरी खायला घाला. औषधं हातातल्या पिशवीत. आणि हो, मध्येच ‘जायचं’ असेल तर संकोच न करता ड्रायव्हरला सांगा. तो आधी चहूकडे बघतो, मग गाडीच्या आडोशाला उतरू देतो. न विचारता दार उघडायचं नाही.

दुर्बीण मात्र दोन घ्या, ८ बाय ४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटरच्या भिंगाची. आम्ही एकच नेली होती. विल्डबीस्ट, म्हणजे तिथली मोठी हरणं, नदी ओलांडतात ते बघायला मारा नदीच्या काठावर दहापासून तीनपर्यंत बसलो. समोर त्यांचा कळप पाण्याशी यायचा, परत फिरायचा. नदी काही ओलांडली नाही त्यांनी. त्या पाच तासांत आमचं भांडण झालं ते दुर्बिणीवरूनच.