पाच माणसं, बोअरचं पाणी आणि गिझर

प्रश्न : आमचा १५ लिटरचा गिझर चार वर्षांतच बुडातून गळू लागला. घरात पाच माणसं, पाणी बोअरचं. दुकानदार २५ लिटरचा घ्या म्हणतात. जुन्याच्या व्हॉल्व्हमधून थेंब पडायचे म्हणून प्लंबरनं तिथं बूच बसवलं होतं. नव्यालाही बसवावं का?
– एक भगिनी, येळ्ळूर

उत्तर : ताई, आधी बुचाचं बोलतो. ते अजिबात बसवू नका. जुना गिझर अजून भिंतीवर असेल तर त्याचं बटण आजपासून बंद ठेवा. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर तापलं की पाव लिटरहून जास्त फुगतं, आणि टाकी तर कायम काठोकाठ भरलेली. वाढलेलं पाणी त्या व्हॉल्व्हमधूनच बाहेर पडतं. तापताना चार थेंब पडले तर तो बिघाड नव्हे. पण पाणी पुरेसं तापलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅट अडकला आणि ही वाट बंद असली तर टाकी फुटते, माणूस दगावतो. व्हॉल्व्हला नळी जोडून मोरीत सोडा, तिचं तोंड उघडं राहू दे.

आता लिटरचं. आमच्या आईच्या न्हाणीत तांब्याचा बंब होता. गार पाणी ओतलं की तेवढंच कढत पाणी तोटीतून बाहेर. गिझर तसाच चालतो, गार पाणी खालून शिरतं नि वरचं गरम ढकलतं. ६० अंशांचं २५ लिटर पाणी विसणलं की अंघोळीजोगं ५० लिटर होतं, म्हणजे तीन बादल्या. १५ लिटरमध्ये जेमतेम दोन. पाणी तापवणारं एलिमेंट दोन्हींत बहुधा २००० वॅटचंच, त्यामुळं मोठा तापायला पस्तीस-चाळीस मिनिटं घेतो. सकाळी पाचही जणांची घाई असेल तर २५चाच घ्या.

पण गळती लिटरमुळं झालेली नाही. बत्तीस वर्षं शहापुरात गिझर उघडतोय. बोअरवाल्या घरांत बुडाशी ओंजळभर पांढरा चुरा निघतो आणि मॅग्नेशियमच्या दांड्याची नुसती तार उरलेली असते. तो दांडा स्वतः झिजून टाकीचं लोखंड वाचवतो. तो संपला की गंज टाकीला लागतो. दरवर्षी दिवाळीआधी उघडून बघा, तार दिसली की बदला. थर्मोस्टॅट ६०च्या वर नेऊ नका, क्षार भराभर बसतात.

दुकानात वीजबचतीचे स्टार बघालच. त्यासोबत विचारा, दांडा बदलता येतो का आणि इथं बेळगावात मिळतो का. नीट उत्तर आलं नाही तर दुसरं दुकान गाठा.